संसद आहे ना, मग संसदेत आणा

१७ ऑक्टोबर २०२३, मंगळवार, नवरात्रातली तिसरी माळ. त्या दिवसाचा रंग लाल होता त्यामुळे लेडीज डबा सगळा लालेलाल, आणि मी मुलुंडहून उशिरा निघालेली, कानात इअरफोन घालून समलिंगी लग्नाच्या खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल लाइव्ह ऐकत दारापाशी उभी. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड वाचत होते की समलिंगी असणं हे काही शहरी, श्रीमंत, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांपुरतं नाही, खेड्यात शेतात राबणारी बाईसुद्धा समलिंगी असू शकते. हे ऐकून मला गाडीतच भरून आलं, कारण केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं होतं की ही मागणी म्हणजे शहरी एलिट लोकांचं मत आहे. मला वाटलं आता मिळणार. मग ऑफिसमध्ये पोचून जागेवर बसल्यावर पूर्ण निकाल कळला. पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्नाचा मूलभूत हक्क नाही आणि स्पेशल मॅरेज अॅक्टमध्ये कोर्ट बदल करू शकत नाही, ते संसदेचं काम. सिव्हिल युनियन (म्हणजे लग्न न म्हणता नात्याला कायदेशीर मान्यता) आणि दत्तक घेण्याच्या बाबतीत तीन विरुद्ध दोन, चंद्रचूड आणि कौल बाजूने, बाकी तिघं विरोधात.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. माझा मामेभाऊ आणि त्याचा जोडीदार नऊ वर्षं एकत्र राहतायत. भाऊबीजेला दोघंही आमच्याकडे येतात, मी दोघांनाही ओवाळते. त्या निकालाच्या आधीच्या पावसाळ्यात भावाचं अपेंडिक्स फुटलं. अंधेरीतल्या एका हॉस्पिटलात रात्री ऑपरेशनच्या फॉर्मवर सही हवी होती आणि काउंटरवरून सांगितलं रक्ताचं नातं किंवा बायको. जोडीदार हातात इन्शुरन्सचे पेपर आणि सगळे रिपोर्ट घेऊन उभा, कुठल्या गोळीची अॅलर्जी आहे ते त्याला पाठ, पण त्याची सही चालेना. मग मला फोन, आणि मी रात्री दीड वाजता रिक्षा करून जेव्हीएलआरवरून पावसात गेले आणि सही केली. मला त्याचा ब्लडग्रुपही माहीत नव्हता, तो मी जोडीदारालाच विचारून लिहिला.

आता बाबांबद्दल. बाबा लहानपणापासून शाखेत जाणारे, मत कुठे पडतं ते सांगायला नको. भाच्यावर त्यांचा जीव आहे, त्याच्या जोडीदारासाठी आठवणीने बिनगुळाची भाजी बाजूला काढायला लावतात. निकालाच्या दिवशी संध्याकाळी टीव्हीसमोर म्हणाले, "बरोबर केलं कोर्टाने. समाजाचा एवढा मोठा विषय पाच जणांनी ठरवायचा नसतो, संसद आहे ना." मी काहीच बोलले नाही, कारण खरं सांगायचं तर हा मुद्दा मला पूर्ण चूक वाटत नाही. लोकांनी निवडून दिलेल्यांनी कायदा करावा हे लोकशाहीत योग्यच आहे. पण मग मी मागचं वाचायला लागले, रात्र रात्र वाचलं, आणि मला दिसलं की हा मुद्दा निकाल कसा लागलाय ते बघून काढला जातो किंवा कपाटात ठेवला जातो.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत भाजपचे दिवंगत खासदार सुशील मोदी समलिंगी लग्नाबद्दल म्हणाले होते की एवढ्या मोठ्या सामाजिक विषयावर दोन न्यायाधीश बसून निर्णय देऊ शकत नाहीत, संसदेत चर्चा व्हायला हवी. आता डिसेंबर २०१३ आठवा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये काढून टाकली होती आणि सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवून समलिंगी संबंध परत गुन्हा केले. किती न्यायाधीशांचं पीठ होतं ते? दोन. सिंघवी आणि मुखोपाध्याय. तेव्हा भाजपचे अध्यक्ष राजनाथ सिंह होते आणि त्यांनी सांगितलं की आमचा ३७७ ला पाठिंबा आहे, हे अनैसर्गिक आहे. दोघांनीच का ठरवलं, संसदेला का नाही विचारलं, हे त्या वेळी त्या बाजूने मोठ्याने कुणी विचारलं नाही. अरुण जेटलींनी २०१५ मध्ये जाहीर सांगितलं की कोर्टाने त्या निकालाचा पुन्हा विचार करावा, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, पण पक्ष त्यांच्या मागे आला नाही.

बरं, संसदेत कुणी नेलंच नाही का? नेलं ना. डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर ३७७ बदलायचं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेलं) मांडायला उभे राहिले तर ते मांडूच दिलं नाही, मतदान झालं, ७१ विरुद्ध २४. चर्चा पुढची गोष्ट, दारातूनच परत. मग २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांनी समलिंगी संबंध ३७७ मधून बाहेर काढायच्या वेळी केंद्राने सांगितलं की हे आम्ही कोर्टाच्या विवेकावर सोडतो. म्हणजे तेव्हा कोर्टाने ठरवलेलं चालत होतं. आपल्या सुप्रिया सुळेंनी एप्रिल २०२२ मध्ये समलिंगी लग्नासाठी स्पेशल मॅरेज अॅक्ट बदलायचं विधेयक लोकसभेत मांडलं, ते मतदानापर्यंत गेलंच नाही आणि २०२४ ला लोकसभा विसर्जित झाली तशी त्याचीही मुदत संपली. १९७० नंतर एकही खासगी विधेयक पास होऊन कायदा झालेला नाही, तेव्हा सरकारने मनावर घेतल्याशिवाय हे होणारच नाही.

आणि हे फक्त भाजपचं म्हणून मी सोडून देणार नाही. २०२३ च्या सुनावणीत केंद्राने राज्यांची मतं मागवली होती, त्यात विरोध करणाऱ्यांत आसाम होतं, आंध्र होतं आणि काँग्रेसचं राज्य असलेलं राजस्थानही होतं. महाराष्ट्राने काय केलं? वेळ मागून घेतला. ११ मेला सुनावणी संपली. फुले-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही त्या माझ्या राज्याने हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

बाहेर उलटा निकाल लागला तेव्हाची भाषा बघा. अमेरिकेत २६ जून २०१५ ला पाच विरुद्ध चार असा निकाल लागून सगळ्या राज्यांत लग्न कायदेशीर झालं. रिपब्लिकन या तिथल्या परंपरावादी पक्षाचे सिनेटर टेड क्रूझ म्हणाले हे देशाच्या इतिहासातले अत्यंत काळे चोवीस तास आहेत आणि न्यायाधीशांनाच मतदानाला उभं करायची घटनादुरुस्ती सुचवली. त्याच पक्षाचे बॉबी जिंदाल तर कोर्टच बंद करून टाका म्हणाले. केंटकीत किम डेव्हिस नावाच्या काउंटी क्लार्कने लग्नाचं लायसन्स द्यायला नकार दिला आणि पाच दिवस तुरुंगात राहिली. पण सात वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, या लग्नांना संरक्षण देणारा कायदा तिथल्या संसदेत आला तेव्हा सिनेटमधल्या १२ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं. बहुतेकांनी विरोधच केला, ते आहेच. पण हे बारा जण परंपरावादीच राहिले, पक्ष सोडला नाही, हात वर केला. तैवानच्या कोर्टाने तर २०१७ मध्ये संसदेला दोन वर्षांची मुदतच घालून दिली, मध्ये विरोधकांनी सार्वमत घेऊन जिंकलं सुद्धा, तरी मे २०१९ मध्ये मुदतीच्या आत कायदा झाला. आपल्याकडे मुदत नव्हती, समिती होती.

ती समिती, समलिंगी जोडप्यांना काय हक्क देता येतील ते बघायला, कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्यानंतर काही सूचना निघाल्या, जॉइंट अकाउंट उघडता येईल, जोडीदाराला नॉमिनी करता येईल, रेशन कार्डावर एका घरातले मानावं. चांगलंच आहे, माझ्या भावाने लगेच जाऊन नॉमिनीचा फॉर्म भरला. आरोग्य मंत्रालयाने राज्यांना अजून एक लिहिलं, की जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. ते वाचून मी फोन बाजूला ठेवला. माणूस गेल्यावर त्याला न्यायचा अधिकार, तोही दुसरं कुणी नसेल तर, आणि जिवंत असताना लग्नाच्या जोडीदारासारखं त्याच्यासाठी सही करायचा अधिकार अजून कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. ९ जानेवारी २०२५ ला त्या निकालावरच्या पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे आता बॉल खरंच संसदेकडे आहे, आणि मला तरी तिथून काही हालचाल दिसत नाही.

मागच्या भाऊबीजेला सगळे जेवून बसले होते तेव्हा मी हे सगळं बाबांसमोर मांडलं, दोन न्यायाधीशांचं, ७१ विरुद्ध २४ चं, हॉस्पिटलचं. म्हटलं बाबा, तुम्ही म्हणालात संसद आहे, मग तुमच्या खासदारांना विचारा ना कधी आणणार. तुम्ही त्यांच्यासाठी उन्हात स्लिपा वाटल्यात, तुमचं ऐकतील. बाबा बराच वेळ गप्प. भाऊ म्हणाला, "ताई, जाऊ दे ना, सणाचा दिवस आहे." बाबा त्यालाच म्हणाले, "तू थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर बाबा चष्मा लावून फुलस्केपवर लिहीत बसलेले. आदरणीय खासदार महोदय, सप्रेम नमस्कार. लग्नाला पाठिंबा द्या असं त्यांनी लिहिलं नाही, ते अजून त्यांना पटत नाही आणि ते त्यांनी मला तोंडावर सांगितलं. लिहिलं एवढंच की आपण हा विषय संसदेचा आहे असं म्हणत आलोय, तर तो संसदेत यावा, चर्चा व्हावी, आणि हॉस्पिटलच्या सहीचा प्रश्न तर लगेच सोडवावा, माझ्या घरातला अनुभव आहे. मग मान वर करून विचारलं, "त्याच्याबरोबर राहतो त्याला काय लिहू गं? मित्र लिहू?"

मी म्हटलं जोडीदार लिहा. त्यांनी मित्र खोडलं आणि जोडीदार लिहिलं.

पत्र स्पीड पोस्टने गेलंय, पावती बाबांनी पाकिटात जपून ठेवली आहे. उत्तर आलं की इथे टाकते.