व्हायोलेत्ताचं पत्र

क्षयाने छाती पोखरलेली बाई मरायच्या पाच मिनिटं आधी इतक्या खणखणीत आवाजात गाते कशी? संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाला ही शंका खरं तर येऊ नये. ‘एकच प्याला’तली सिंधूही हालअपेष्टांत पदं म्हणतेच की. तरी व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात मला ती आली.

इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तो इथेच, ६ मार्च १८५३ला, आणि सपशेल पडला. नायिका झालेली फान्नी साल्व्हिनी-दोनातेल्ली अंगाने चांगली भरलेली. हिला क्षय झालाय म्हटल्यावर लोक हसले, असं सांगतात. पुढच्याच वर्षी थोडे फेरफार करून शहरातल्या दुसऱ्या नाट्यगृहात लावला, तर त्याच व्हेनिसने डोक्यावर घेतला. फेनीचे १९९६च्या आगीत जळालं. हुबेहूब पूर्वीसारखं बांधून झाल्यावर, २००४मध्ये, तिथे पहिला ऑपेरा लागला तो हाच.

माझी जागा स्वस्तातली, वर अगदी कडेला. रंगमंचाचा डावा तुकडा दिसतच नव्हता. आवाजाला मात्र कोपरा नसतो. माईक नाही, खाली अख्खा वाद्यवृंद, आणि तरी गळा थेट वरपर्यंत.

तिसऱ्या अंकात नायिका व्हायोलेत्ता अंथरुणाला खिळलेली. प्रियकर आल्फ्रेदोच्या वडिलांनीच गळ घातली म्हणून तिने त्याला सोडलंय; आता त्यांचंच पत्र आलंय, की मुलाला तुझा त्याग सांगितला, तो माफी मागायला येतोय. हे पत्र ती गात नाही. वाचते. मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून, अगदी हलकी. इतका वेळ गाण्याला सरावलेल्या कानांना तो साधा बोलका आवाज उघडावाघडा वाटला. गाते आहे तोवर ती जगणार, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं बहुतेक. दम कुठून येतो हा प्रश्न तिथेच मिटला.

शेवटी पुन्हा तीच धून, पुन्हा तेच बोलणं: वेदना थांबल्या म्हणते. उठते, आनंदाने एक उंच सूर लावते आणि कोसळते.

पडदा पुन्हा उघडला तेव्हा मेलेली व्हायोलेत्ता हसत वाकून नमस्कार करत होती. शेजारच्या आजी डोळे पुसत जोरजोरात टाळ्या वाजवत होत्या. आल्फ्रेदो पुढे आला तशा त्यांनी टाळ्या थांबवल्या आणि कोट घालायला घेतला.