कुणाकडे उतरलात?

परगावी एखादा मराठी माणूस भेटला की नावगाव सांगून होण्याच्या आत ‘कुणाकडे उतरलात?’ हा प्रश्न येतो. आपण कुणाकडे तरी उतरलेलो असणारच, हे त्या प्रश्नात गृहीतच धरलेले असते. हॉटेलात माणूस राहतो, धर्मशाळेत मुक्काम करतो, परंतु उतरतो तो कुणाच्या तरी घरी. गाण्याच्या कार्यक्रमांसाठी मी तीन वेळा अमेरिकेला गेले आणि तिन्ही वेळा, शाळांच्या भाड्याने घेतलेल्या प्रेक्षागृहांच्या मागच्या दाराशी, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की आपण तिकडे गायला गेलो होतो की उतरायला, असा संभ्रम मला अजूनही पडतो.

आमचा संच आठ जणांचा. दोन मुख्य गायक, माझ्यासारख्या दोन सहगायिका, तबला, हार्मोनियम, कीबोर्ड आणि निवेदक. एवढ्या माणसांची प्रत्येक गावात हॉटेलात सोय करायची, तर तिकिटांचे सारे पैसे तिथेच संपतील आणि आमच्या मानधनाच्या पाकिटात आभाराचे पत्र तेवढे उरेल. ज्या मंडळांसाठी आम्ही गातो, ती सगळी नोकरीधंदा सांभाळून उरलेल्या वेळात चालवलेली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, शिकागोचे १९६९ चे; उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एका छत्राखाली आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले आणि १९८४ पासून साधारण दर दोन वर्षांनी त्याची अधिवेशने भरत आली आहेत. या साऱ्या इतिहासात अध्यक्षांची नावे असतात, पाहुण्या कलाकारांची नावे असतात. पाहुण्यांच्या खोलीतल्या गादीवर स्वच्छ चादर कुणी घातली, हे कुठल्याच स्मरणिकेत छापलेले नसते.

माझ्या आजोळी, वाईला, चातुर्मासात कीर्तनकारबुवा उतरत. बुवांना सोवळ्याचा स्वयंपाक लागे, कीर्तनाआधी पोटभर जेवण चालत नसे आणि कीर्तनानंतर गरम दूध लागे. आजीचे घर देवळापासून चार पावलांवर होते. ती पूर्वरंगाला बायकांच्या मागच्या रांगेत बसायची आणि निरूपण संपून बुवा उत्तररंगातल्या आख्यानाकडे वळले की हळूच उठून दूध तापवायला घरी यायची. दर पावसाळ्यात बुवांचे पाय ज्या घराला लागले, त्या घरच्या गृहिणीने एकही आख्यान शेवटपर्यंत ऐकले नव्हते. त्या वेळी मला याचे काही वाटले नाही. आता ही आठवण विमानतळाच्या फिरत्या पट्ट्यावरून आपल्या बॅगा उचलताना हटकून येते.

गाणाऱ्याला घरात उतरवण्याची रीत आपल्यापुरतीच नाही. वेल्समधल्या लँगोलेन या छोट्याशा गावात १९४७ पासून आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो आणि युद्धानंतरच्या त्या टंचाईच्या दिवसांत गावकऱ्यांनी परदेशी गायकांना आपल्या घरांत ठेवून घेतले होते. १९५५ साली तिथे इटलीतल्या मोदेना शहराच्या पुरुष गायकवृंदाने पहिले बक्षीस मिळवले. त्या वृंदात वडिलांच्या शेजारी उभा राहून गाणारा एकोणीस वर्षांचा लुचानो पावरोत्ती होता. पुढे तो जगभर कुठे कुठे गायला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या आठवड्यात तो कुणाकडे उतरला होता, हे मात्र मला जाणून घ्यायला आवडेल.

आमच्या वाटणीचा प्रसंग बहुधा रात्री, वाहनतळावर घडतो. पाच-सहा तासांचा रस्ता तुडवून आलेली व्हॅन थांबते आणि चार कुटुंबे आपापल्या गाड्यांशी उभी असतात. मंडळाचा कार्यवाह हातातल्या कागदावरून नावे वाचतो. तबलजी शाकाहारी आहेत, म्हणून ते कुलकर्ण्यांकडे; हार्मोनियमवाल्यांना मांजराची ॲलर्जी आहे, म्हणून ते तिथे नकोत; दोन ताई एकत्र. दिवसभर एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपलेली माणसे तेवढ्या पाच मिनिटांत एकदम परकी होतात आणि सासरी निघालेल्या मुलींसारखी मागे वळून पाहत निरनिराळ्या गाड्यांत बसतात. पुढच्या वीस मिनिटांत प्रवास कसा झाला, विमानात झोप लागली का आणि पुण्यात सध्या पाऊस किती, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. ती मी आता पहिल्या गाण्याच्या मुखड्याइतकी पाठ केली आहेत.

मला नेहमी मुलांची खोली मिळते. घरातली दहा-बारा वर्षांची मुलगी आपली उशी उचलून आईवडिलांच्या खोलीत जाते आणि मी तिच्या अरुंद पलंगावर, छताला चिकटवलेल्या आणि अंधारात चमकणाऱ्या चांदण्यांखाली झोपते. अनोळखी माणसाच्या घरात राहण्यापेक्षा अनोळखी मुलाच्या खोलीत राहणे जास्त जबाबदारीचे असते. मोठी माणसे पाहुण्यांसाठी घर आवरून ठेवतात. मुले ठेवत नाहीत. टेबलावर अर्धवट सोडलेले गणित असते, खिडकीत कसलेसे दगड ओळीने मांडलेले असतात, आणि ती ओळ जराही बिघडू न देता आपले औषधांचे डबे ठेवायला जागा शोधावी लागते. एका घरी सकाळी त्या मुलीने दारातूनच इंग्रजी वळणाच्या मराठीत मला विचारले, “मावशी, तू माझे दगड बघितलेस का?” मी बघितले होते. कुठला कुठल्या तळ्याकाठचा, हे तिने शाळेची बस येईपर्यंत सांगितले.

आमच्या दौऱ्याचे गणित शनिवार-रविवारभोवती फिरते, कारण मंडळांचे कार्यक्रम सुट्टीच्या दिवशीच होतात. शुक्रवारी एक गाव, शनिवारी दुसरे, रविवारी दुपारी तिसरे, आणि मग सोमवार ते गुरुवार आम्ही कुणाच्या तरी घरी नुसते असतो. लोकांना दौरा म्हणजे रंगमंच, टाळ्या आणि नायगरा वाटतो. प्रत्यक्षात दौऱ्याचा बराचसा भाग दुसऱ्याच्या रिकाम्या घरात जातो. सकाळी आठला मुले शाळेत, साडेआठला यजमान कामावर, वहिनी वरच्या खोलीत दार लावून ऑफिसच्या बैठकीत. जाताना यजमान पोळ्या कुठे आहेत, मायक्रोवेव्ह कसा लावायचा आणि मागचे दार उघडण्यापूर्वी धोक्याच्या घंटेचे कोणते बटण दाबायचे, हे समजावून जातात. यातली पहिली दोन माझ्या लक्षात राहतात. एकदा मी रियाजाला अंगणात बसावे म्हणून मागचे दार उघडले आणि त्या घंटेने असा काही टिपेचा सूर लावला की वहिनी बैठक सोडून धावत खाली आल्या. त्यानंतर मी रियाज तळघरातच केला, टेबल टेनिसच्या टेबलाशेजारी, गुंडाळून ठेवलेल्या गणपतीच्या मखराकडे तोंड करून.

चार दिवसांत घर कळते. देवघर स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटात असते आणि दिव्याची ज्योत वरच्या फळीला लागू नये म्हणून तिथे पत्रा ठोकलेला असतो. भांडी धुण्याच्या यंत्रात बहुधा हाताने धुतलेली भांडी निथळत असतात. दही लावलेले पातेले दिवा चालू ठेवलेल्या ओव्हनमध्ये झाकलेले असते. या गोष्टी मला इतक्या घरांत सारख्या दिसल्या की तिसऱ्या दौऱ्यात मी चमच्यांचा खण न विचारता उघडू लागले आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघाला.

आमचे तबलजी दिवसा विद्युत अभियंते आहेत. त्यांना दोनच विषयांत रस आहे, आणि अमेरिकेत दोन्हींनी त्यांना छळले. तिथल्या वातानुकूलित, कोरड्या हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, ताणून स्वरात चढत राहते. ती उतरवून स्वरात आणली की झगझगीत दिव्यांखाली पुन्हा चढते. दुसरा शोध त्यांनी एका स्वयंपाकघरात लावला. आपल्याकडे विजेची कंपने सेकंदाला ५०, तिथे ६०. जुन्या पद्धतीच्या फ्रिजची घूं घूं त्या कंपनांशी बांधलेली असते, म्हणून तिथला फ्रिज आपल्या फ्रिजपेक्षा वरच्या स्वरात बोलतो. किती वरच्या? पाचास सहा. आणि पाचास सहा हे षड्ज आणि कोमल गंधार यांच्यातले प्रमाण. म्हणजे पुण्यातल्या घरचा फ्रिज षड्ज मानला, तर अमेरिकेतला प्रत्येक जुना फ्रिज कोमल गंधार धरून बसलेला असतो. हे त्यांनी पोहे खाताना सांगितले आणि आम्ही सगळे हसलो. त्या रात्री तहान लागून खाली आले, तेव्हा मात्र मी अंधारात फ्रिजपाशी उभी राहून मनातल्या मनात घरचा षड्ज लावून पाहिला. गंधार बरोबर लागत होता.

याच दौऱ्यातल्या शेवटच्या घराविषयी मला सांगायचे आहे. त्या घरचे यजमान मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. पंचेचाळिशीचे, बोलणे कमी, धावपळ फार. आमच्या कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी सकाळी खुर्च्या मोजल्या, दुपारी ध्वनियंत्रणेच्या माणसाला वाट चुकल्यावर फोनवरून वाट दाखवली, पडदा उघडला तेव्हा ते दाराशी तिकिटे तपासत होते आणि मध्यंतरात बटाटेवड्यांच्या टेबलामागे उभे होते. रंगमंचावरचे दिवे डोळ्यांवर असले की समोर काळोखच दिसतो. तरीही ज्यांच्या घरी चार दिवस जेवलो, ती माणसे कुठे बसली आहेत हे गाणाऱ्याला कळते. वहिनींचे हसणे डावीकडून आले, मुलगी तिसऱ्या रांगेत कंटाळली असावी. यजमान मला प्रेक्षागृहात कुठेच जाणवले नाहीत. भैरवीला तरी ते येतील असे वाटले होते, परंतु शाळेची इमारत दहाला रिकामी करायची होती आणि दहाला दहा कमी असताना तिथला रखवालदार किल्ल्या वाजवत दाराशी येऊन उभा राहिला. आमच्या मुख्य गायिकेने भैरवी दोन अंतरे गाळून संपवली. यजमान त्या वेळी बाहेर उरलेल्या जेवणाचे डबे गाडीत भरत होते, हे मला घरी जाताना कळले, कारण ते डबे माझ्या मांडीवर होते.

घरी पोचायला साडेअकरा वाजले. माझी बॅग भरायची होती, पहाटे पाचला व्हॅन येणार होती. मुलगी झोपली होती, वहिनी तिच्याजवळच लवंडल्या. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, तर यजमान बाह्या सरसावून भाताचे मोठे पातेले घासत होते. मीही हातात फडके घेऊन भांडी पुसू लागले. त्यांनी दोनदा “ताई, तुम्ही राहू द्या” म्हटले, तिसऱ्यांदा म्हटले नाही.

“कार्यक्रम छान झाला म्हणतात सगळे,” ते म्हणाले.

“तुम्ही काहीच ऐकले नाही का?”

“दार उघडले की ऐकू यायचे. एक अभंग अर्धा ऐकला. मागच्या वर्षी नाटक आणले होते, त्याचाही तिसरा अंक कसा संपतो ते मला माहीत नाही.” तक्रारीचा सूर मुळीच नव्हता, दुधाचा भाव सांगावा तसे त्यांनी सांगितले. मग पातेले पालथे घालत विचारले, “शेवटी भैरवीच होती ना?”

मला आजीची आठवण झाली, हे सांगायला नको. तानपुऱ्याचे यंत्र व्हॅनच्या सामानात गेले होते, तानपुरा वाजवणारा मोबाइल वर मुलीच्या उशाशी चार्जिंगला होता. आवाज मोठा करायची सोय नव्हती, आणि माझी काळी चारची, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या सुरापासूनची, पट्टी मध्यरात्री त्या घराला परवडणारी नव्हती. कोपऱ्यात फ्रिज बोलत होता. बऱ्यापैकी जुना, तपकिरी दाराचा. त्याचा सूर काळी पाचच्या किंचित वर होता. तो मी पंचम धरला आणि त्याच्याखाली षड्ज शोधला. तो इतका खाली आला की गाणे आणि बोलणे यांत फार अंतर उरले नाही. ओट्याला टेकून मी भैरवी सुरू केली, संध्याकाळी गाळलेल्या दोन अंतऱ्यांसकट. मी सहगायिका आहे. ती भैरवी आजवर माझ्या वाट्याला एकटीने कधी आली नव्हती. यजमान नळ बंद करून, ओले हात तसेच पुढे धरून उभे होते.

दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर फ्रिजची यंत्रणा, पुरेसा गारवा झाल्यामुळे, खडखडून थांबली. पंचम गेला आणि स्वयंपाकघर एकदम मोकळे वाटू लागले. मी क्षणभर थबकले. यजमानांनी माझ्याकडे पाहिले, फ्रिजकडे पाहिले, आणि दोन पावले पुढे होऊन त्याचे दार सताड उघडले. आतल्या दिव्याचा उजेड त्यांच्या पायांवर पडला. आत दह्याचे पातेले, उरलेले वडे, दुधाचा मोठा कॅन. आतला गारवा बाहेर जाऊन यंत्र पुन्हा सुरू व्हावे म्हणून ते दार धरून उभे राहिले, आणि मी अंतरा पुढे गायला घेतला.