तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत हे ‘फुकटचं’ सॉफ्टवेअर कशाला?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. यंदा तो एका केळीवाल्या शेतकऱ्याने विचारला, तोही थेट अहिराणीत : “सर, फुकटनं काय टिकस का?” सभा हसली. तो माणूस मात्र हसत नव्हता. त्याची मुलगी नववीत आहे, आणि शाळेत तिला शिकवतात ते पुढे कामाला येईल की नाही, हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सभेच्या शेवटच्या पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सवडीने लिहितो आहे.

आमची शाळा चोपडा तालुक्यातली, माध्यमिक. संगणक खोलीत चालू स्थितीतली अकरा यंत्रं आहेत, बहुतेकांत दोन जीबी रॅम. त्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट चालतं, म्हणजे संगणक चालवणारी मुक्त प्रणाली, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. लिहायला आणि हिशोबाला लिब्रेऑफिस, पाचवी-सहावीच्या चित्रांसाठी टक्स पेंट, भूमितीला जिओजेब्रा, व्हिडिओला व्हीएलसी. यातल्या एकालाही शाळेने पैसे मोजलेले नाहीत, हे खरं. पण पैसे वाचावेत म्हणून ते आणलं, हा समज चुकीचा आहे, आणि सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत, म्हणून तिकडच्या लोकांना हे समजावताना फार त्रास होतो. आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन स्वच्छ शब्द असूनही आपण घोटाळा करतो, याचं मला वाईट वाटतं. व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे, पण मुक्त नाही. ते आतून कसं चालतं ते तुम्ही उघडून बघू शकत नाही, बदलू शकत नाही. रेड हॅट ही कंपनी लिनक्स विकते, दरवर्षी वर्गणी घेते. ते मुक्त आहे, पण फुकट नाही. जिओजेब्रा तर मधलंच प्रकरण आहे. शाळेला ते फुकट वापरता येतं, पण धंद्यासाठी वापरायचं तर परवान्याच्या अटी आड येतात. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरची कसोटी किमतीची नाहीच. कशासाठीही वापरता यावं, उघडून शिकता यावं आणि बदलता यावं, प्रत दुसऱ्याला देता यावी, बदललेली प्रतही देता यावी, एवढ्या चार गोष्टी तपासायच्या.

त्या शेतकऱ्याला मी केळीच्या बेण्याचं उदाहरण दिलं, ते त्याला लगेच पटलं. शेजाऱ्याच्या बागेत चांगली बसराई जातीची केळी असली की आपण कंद मागून आणतो, लावतो, पुढच्या वर्षी आपल्या बागेतले कंद तिसऱ्याला देतो. कंद फुकट मिळाला म्हणून घड बारीक पडत नाही. घड पाण्यावर, खतावर आणि मेहनतीवर भरतो. टिकण्याचंच म्हणाल, तर तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे, आणि नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो.

आता खरं कारण सांगतो. ते सांगायला मला जड जातं.

आधी आमच्या खोलीत वेगळीच व्यवस्था होती. एका पुरवठादाराने यंत्रं बसवून दिली, त्यात सगळी महागडी सॉफ्टवेअरं ‘टाकून’ दिली. आम्ही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. काही महिन्यांनी पडदे काळे पडले आणि उजव्या कोपऱ्यात खाली एक ओळ दिसू लागली, की ही प्रत अस्सल नाही. सातवीतल्या एका मुलाने ती ओळ शब्द जुळवत वाचली आणि मला विचारलं, “सर, म्हणजे हे चोरीचं आहे का?” मी त्याला म्हटलं, “तू तुझं काम कर.” मूल्यशिक्षणाचा तास मीच घ्यायचो. त्या मुलाची नजर मी विसरलेलो नाही. क्रॅक करून, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून टाकलेलं आणि मुक्त असलेलं, दोन्हीला पैसे लागत नाहीत म्हणून पुष्कळ लोक दोन्ही एकाच पंक्तीला बसवतात. माझ्या लेखी त्यांत चोरलेल्या आणि दिलेल्या वस्तूइतकं अंतर आहे.

आणि त्या अंतराचा फायदा मुलांना घरी होतो. आता एखाद्या मुलाच्या मामाने जुना लॅपटॉप दिला की तो पेनड्राइव्ह घेऊन येतो. मी त्यावर शाळेतलं सगळं जसंच्या तसं भरून देतो. यंत्रात काहीही न बसवता, नुसता पेनड्राइव्ह लावूनही ते सुरू होतं; आवडलं तर बसवायचं. मूल शाळेत जे वापरतं तेच घरी, तेच चुलत भावाच्या यंत्रावर, आणि हे सगळं उजळ माथ्याने. ज्या घरात वर्षाचा खर्च कापसाच्या भावावर ठरतो, त्या घरातल्या मुलाला हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर शिकवून ‘आता घरी सराव कर’ म्हणणं म्हणजे एकतर त्याला सराव नाकारणं, नाहीतर चोरीला लावणं.

“पण पुढे नोकरीत आणि एमएस-सीआयटीत तर दुसरंच असतं ना?” हा प्रश्न आया जास्त विचारतात, आणि तो रास्त आहे. हो, बटणांच्या जागा वेगळ्या असतात. आमच्या मुलांना पहिले चार-आठ दिवस शोधाशोध करावी लागते. पण 2007 साली मायक्रोसॉफ्टने ऑफिसमधले जुने मेनू काढून वर फितीसारखी पट्टी आणली, तेव्हा वर्षानुवर्षं तेच वापरणारे कारकूनही असेच शोधत बसले होते. जागा पाठ केली तर ती कधीतरी बदलणारच. गेल्या दिवाळीनंतर आठवीच्या एका मुलीने लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये आईच्या कापूस वेचणीचा तक्ता केला. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात किलो, तिसऱ्यात दर, चौथ्यात गुणाकार आणि तळाशी एकूण. वेचणी किलोवर असते, मुकादमाची वही वेगळी आणि आईचा अंदाज वेगळा. तिच्या तक्त्याने एका आठवड्यातली चूक सापडली. बेरजेचं सूत्र एक्सेलमध्येही तेच आहे, अक्षरानं अक्षर. ती मुलगी कुठेही अडणार नाही.

मराठी टायपिंगबद्दल तर उलटीच समजूत आहे. लोकांना वाटतं मराठी फक्त त्या विकतच्या फॉन्टमध्येच ‘नीट’ येतं. आमच्या कार्यालयात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कितीतरी पत्रं आहेत, जी दुसऱ्या यंत्रावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरावर मराठी अक्षराचं नुसतं चित्र चिकटवलेलं असतं. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो कुठेही गेला तरी ‘क’च राहतो. लिनक्समध्ये हे आयतंच मिळतं, आणि सोबत भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्टचा कळफलकही, जो 1991 च्या भारतीय मानकातच नोंदलेला आहे. (तो विंडोजमध्येही असतो, फक्त चालू करून कोणी देत नाही.)

हा कळफलक मला मनापासून आवडतो. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यामुळे ‘का, के, की’ लिहिताना दोन्ही हात आलटून पालटून चालतात. शिफ्ट दाबलं की क चा ख, प चा फ, त चा थ, स चा श. मुलांना मी पहिला शब्द ‘खान्देश’ देतो. शिफ्ट आणि क, काना, न, हलन्त, द, एक मात्रा, शिफ्ट आणि स. मूल एका बोटाने सुरू करतं, आणि दोन आठवड्यांत त्याचं खाली बघणं कमी होतं. दुसरा शब्द ‘केळी’, कारण त्यात ल वर शिफ्ट दाबून ळ येतो, आणि ळ आमच्याकडे शिकवावाच लागतो. त्याबद्दल शेवटी सांगतो.

सुरक्षिततेची शंका एका निवृत्त मुख्याध्यापकांनी काढली, की मुक्त सॉफ्टवेअरचा कोड, म्हणजे ते ज्या सूचनांनी बनतं त्या, सगळ्यांना दिसतो म्हणजे दार उघडंच. कुलूप कसं बनतं हे कळल्याने किल्ली हाती येत नाही, एवढंच त्यांना सांगितलं. मात्र उघडा कोड आपोआप सुरक्षित होतो, असंही मी म्हणणार नाही. 2014 मध्ये सापडलेली हार्टब्लीड ही चूक इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलच्या उघड्या कोडमध्ये दोन वर्षं पडून होती. वाचता येतं म्हणून कोणी वाचतंच असं नाही.

आणि बिघडलं तर? इथे मात्र तुमची तक्रार खरी आहे. तालुक्याच्या गावातल्या दुकानात यंत्र नेलं तर “हे काढा, मी दुसरं टाकून देतो” हेच ऐकायला मिळतं. प्रिंटर चालू करण्यात माझे दोन शनिवार गेले, सकाळची शाळा सुटल्यावर दुपारपर्यंत. कार्यालयातला एक संगणक आम्ही विंडोजवरच ठेवलाय, कारण काही कामं तिथेच सरळ होतात. एकट्या मास्तराच्या हौसेवर हे चालू नये. केरळने ते तसं चालवलंच नाही. 2001 मध्ये सुरू झालेल्या आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पातून त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, सरकारी शाळा लिनक्सवर आणल्या, दहावीची आयटीची परीक्षाही त्यावर घेतली. 2017 मध्ये त्याच प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. आपल्या खान्देशातल्या तीन जिल्ह्यांतल्या शाळांसाठी प्रत्येक तालुक्यात असा एक जाणकार माणूस बसला, तरी माझ्यासारख्यांचे शनिवार वाचतील.

आता ळ बद्दल. आमच्या मुलांच्या घरच्या अहिराणीत ळ नाही, तिथे य येतो. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. टक्स पेंटमध्ये रंग निवडला की खाली पेंग्विनशेजारी त्याचं नाव दिसतं. ही नावं एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. वरच्या ओळीत इंग्रजी शब्द, खालच्या ओळीत आपला. मराठीच्या फाइलीची प्रत काढून एका पावसाळी दुपारी सहावीच्या मुलांनी खालच्या ओळी बदलल्या : काया, पिवया, निया. मी फाइल तयार करून जागेवर ठेवली आणि टक्स पेंट पुन्हा उघडलं. एका मुलीने काळ्या रंगावर क्लिक केलं, खाली ‘काया’ उमटलं, आणि ती जागेवर उभी राहिली. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हाई ते आपलं शे!” यासाठी आम्हाला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. सातपुड्यातून येणाऱ्या दोन मुलांनी आता पावरी या त्यांच्या बोलीची फाइल मागितली आहे.

काम पुरं झालेलं नाही. केलेलं परत घेण्याचं जे बटण आहे, त्याला मराठीत ‘पूर्ववत करा’ म्हणतात. अहिराणीत एकीने ‘मांगे ले’ सुचवलं, पण धुळ्याकडून आलेल्या मुलाला ते पटलं नाही. ती ओळ अजून रिकामी आहे. तुमच्या घरी कोणा आजीला चांगला शब्द सुचला तर मुलाबरोबर चिठ्ठी पाठवा.