आमची वाटचाल : दुसऱ्याची हळद सांभाळणारी पेढी

सांगलीत आम्हाला हळदीचे व्यापारी म्हणून ओळखतात. पण जुन्या वह्या चाळल्या की दिसतं, स्वतःच्या नावावर घेतलेला माल तसा थोडाच. घर चाललं ते दुसऱ्याची हळद सांभाळण्यावर. कधी शेतकऱ्याची, कधी गुजरातेतल्या व्यापाऱ्याची, कधी बँकेकडे तारण पडलेली.

थोरले आज्जा, म्हणजे माझे पणजोबा, अथणीकडच्या एका खेड्यातून पहिल्या महायुद्धाच्या आसपास इथं आले. घरात कानडी, बाजारात मराठी. त्यांच्या वह्यांत आकडे मोडीत आहेत आणि घरखर्चाच्या नोंदी मध्येच कानडीत, बहुधा मुनिमाला कळू नयेत म्हणून. गावाला मिरजेहून रेल्वेचा फाटा आला होता. मिरजेतून वेगळं होऊन चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये इथं गादी थाटली, तेव्हापासून संस्थानिकांनी पेठा वसवून बाहेरच्या व्यापाऱ्यांना जागा दिल्या होत्या. गणपती पेठेत गाळे, पलीकडे वखारभागात गोदामं. गाव वाढतं होतं, पण सगळं तुकड्यातुकड्यांत. चार कोस गाडी हाकली की कधी मिरजेची हद्द, कधी कुरुंदवाडची, कधी कोल्हापूरची, मध्येच इंग्रजी मुलूख. माल कुठल्या वाटेनं आणला तर जकात कमी पडते, हे ज्याला पाठ तोच खरा व्यापारी. थोरल्या आज्जांचं पहिलं भांडवल तेच असावं. पैसा त्यांच्याकडे नव्हता.

त्यांनी भाड्यानं गाळा घेतला, मागं मोकळी जागा असलेला. शेतकऱ्याची गाडी संध्याकाळी यायची, सौदा सकाळी. रात्री बैल बांधायला जागा, माणसाला भाकरी-आमटी, निजायला घोंगडं. ज्या अडत्याकडे, म्हणजे दलाली घेऊन शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्याकडे, जेवण बरं, त्याच्याकडे गाड्या जास्त. थोरल्या आज्जींच्या हाताची चव आमच्या अडतीत किती टक्के धरायची, हा प्रश्न कुणी कधी काढला नाही. मला तो नेहमी पडतो.

नदीच्या पलीकडे सांगलीवाडी, त्यापुढे आष्टा, इस्लामपूर, वाळवा. हळद तिकडंही चांगली. पण मध्ये कृष्णा, आणि पूल नव्हता. पावसाळ्यात नावेतून पोती आणायची म्हणजे भिजण्याची भीती, आणि भिजलेल्या हळकुंडाला बुरशी धरली की भाव गेलाच. १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला आणि पश्चिमेकडच्या गाड्या थेट पेठेत यायला लागल्या. माझे आज्जा तेव्हा लहान होते. पूल झाल्यावर मागची मोकळी जागा पुरेना, असं ते सांगायचे.

आता पेवांबद्दल, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांबद्दल, कारण आमची पेढी त्यांच्यावरच उभी राहिली.

सांगलीशेजारी कृष्णा-वारणा संगमावर हरिपूर आहे. तिथली नदीकाठची माती घट्ट. खोल खणली तरी भिंत ढासळत नाही, आणि ओल आत झिरपत नाही. त्या मातीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा घ्यायचा. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. तळाला आणि कडेनं वाळका पाला दाबून बसवायचा, मग हळद भरायची, वर पुन्हा पाला, फरशी आणि मातीचा ढीग. आत हवा नाही म्हणून किडा नाही. औषध नाही, धुरी नाही. हळद वर्षानुवर्षं तशीच राहते, रंगसुद्धा उतरत नाही. पेव उघडणं हे मात्र जोखमीचं काम. फरशी काढली की लगेच उतरायचं नाही. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणूस वरच. आमच्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या हरिपूरचीच माणसं करत. त्यांच्या शब्दापुढे मालकाचंही चालत नसे, आणि चालूही नये.

पेवातला माल दिसत नसे, तरी विकला जाई. चिठ्ठीवर पेव कुठलं, पोती किती, माल कुठल्या प्रतीचा, एवढं लिहिलेलं. ती चिठ्ठी एकाकडून दुसऱ्याकडे जाई, बँक तिच्यावर उचल देई, आणि हळद जमिनीखाली जागची हलत नसे. एकेका पेवाचे मालक वर्षभरात चार-चार बदलायचे. फरशी निघाल्यावर आत चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच राजापुरी जातीचं हळकुंड निघायला हवं, गड्डा, म्हणजे हळदीचा जाड गोल कंद, मिसळलेला नको. एकदा खोटं निघालं की त्या पेढीच्या चिठ्ठीला बाजारात कुणी हात लावत नसे.

रुमालाखाली बोटं धरून होणारे सौदे आज्जांनी पाहिले, केले, आणि उघडे लिलाव आल्यावर त्यांची थोडी हळहळही केली. ती मला कधीच पटली नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या मालाचा भाव शेवटी कळायचा, यात हळहळण्यासारखं काय? सांगलीत हळदीचा वायदा बाजारही, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदे, जोरात होता. देशभरच्या पेढ्या इथल्या भावाची वाट पाहत. आज्जा वायद्यापासून लांब राहिले, त्यांचे धाकटे भाऊ मात्र लांब राहिले नाहीत. घरात त्या काळाबद्दल फारसं बोललं जात नाही. पुढे वायदा कॉम्प्युटरवर गेला आणि त्याचं मुख्य केंद्र निजामाबाद झालं.

मी गादीवर बसले ती बाबांची तब्येत बिघडल्यावर. सौद्याला बाई उभी राहिली याचं नवल एक हंगाम टिकलं. भाव चढा लागला की नवल ओसरतं.

नंतर २००५ चा महापूर आला. हरिपुरात पाणी वरून तर शिरलंच, जमिनीतूनही चढलं. पेवं आतून ढासळली. पाणी उतरल्यावर उघडली तेव्हा हळद फुगून, कुजून एकजीव झालेली. आमच्या पेवांना विमा नव्हता. खरा पेच पुढेच होता : नुकसान कुणाचं? चिठ्ठी तिसऱ्या हातात, पैसे दुसऱ्याचे अडकलेले, भाडं आम्ही घेतलेलं. कायद्यानं बोट दाखवायला प्रत्येकाला जागा होती. बाबांनी सगळ्यांना पेढीवर बोलावलं, वह्या मध्ये ठेवल्या आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचे पैसे, आधी चुकती करायची असं ठरवून टाकलं. उरलेला तोटा चिठ्ठीवाले आणि आम्ही वाटून घेतला. त्यासाठी मिरज रस्त्यावरचा प्लॉट विकावा लागला. एका व्यापाऱ्यानं तरीही पुढची तीन वर्षं आमच्याशी व्यवहार केला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही केला नसता.

त्या पुरानंतर हरिपुरातली बहुतेक पेवं बुजली, आमचीही. माल गोदामात आणि शीतगृहात गेला. तिथं पावती छापील असते, माल कधीही बघता येतो, भाडं महिन्याला वाढत जातं आणि किडीसाठी धुरी द्यावी लागते. २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. गणपती पेठेतल्या जुन्या गाळ्यात पाणी भरलं, पण तोवर आम्ही माल उंचावरच्या गोदामात हलवलेला होता. वह्या मात्र गाळ्यातच होत्या. मोडीतल्या काही पानांची शाई गेली, उरलेली वाळवून, फोटो काढून ठेवली आहेत.

सध्या आमचं काम असं. हंगामात, साधारण फेब्रुवारीपासून, वसंतदादा मार्केट यार्डातल्या सौद्यांत शेतकऱ्यांची अडत. वर्षभर व्यापाऱ्यांचा माल गोदामात ठेवणं, निवडणं, पॉलिश करून पाठवणं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून परगावचे लहान गिऱ्हाईकही थेट विचारतात. त्यांच्यासाठी माझ्या मुलानं पाच किलोपासून हळकुंड द्यायला सुरुवात केली आहे. तो प्रत्येक लॉटचं कुरकुमीन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, तपासून घेतो. मी अजून हळकुंड मोडून आतला रंग बघते आणि मोडतानाचा आवाज ऐकते. दोघांचं उत्तर जुळलं नाही, तर तो लॉट आम्ही लहान गिऱ्हाइकाला पाठवत नाही, यार्डात सौद्याला लावतो. दळलेली हळद आम्ही विकत नाही. ती मागणारे बरेच फोन येतात, म्हणून इथं लिहून ठेवलं.