ट्रक की उंटवाले? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला, आमच्या ओळखीत कुणाकडेही जेवायला गेलं की प्रश्न येतोच: "ज्या ट्रकांनी उंटवाल्यांच्या पोटावर पाय आणला, त्यांचं तुला एवढं कौतुक कसं गं?" मी अर्धं उत्तर देते तोवर विषय बदललेला असतो. म्हणून एकदाचं सगळं लिहिते. उंटवाले म्हणजे ट्रक येण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात उंटांवरून माल नेणारे, हिंदुस्थान-अफगाणिस्तानकडून आलेले लोक.

कौतुक आहेच. १९३४ साली देशाच्या मध्यावरच्या ॲलिस स्प्रिंग्जला आलेली ती सरकारी एईसी, म्हणजे एईसी या ब्रिटिश कंपनीची मालवाहू गाडी! इंजिनाची ताकद आठही चाकांना, मागे आठ-आठ चाकांचे दोन ट्रेलर, एकूण पंधरा टन माल. ट्रेलरची पुढची-मागची चाकं अशी जोडलेली की वळणावर शेवटचा ट्रेलरसुद्धा गाडीच्याच चाकोरीतून येतो. रेल्वे ॲलिसला संपायची आणि पुढे उत्तरेला धड रस्ता नव्हता, तिथे ही गाडी चालली. टॉम क्रूझ (नट नव्हे, टपाल नेणारा ट्रकचालक) याच्या लेलँड बॅजर ट्रकला तर असली आठ चाकांची ताकदही नव्हती. १९३६ पासून क्रूझ वाळवंटातल्या मारी ते बर्ड्सव्हिल या गावांदरम्यान, सुमारे ५१७ किलोमीटर, टपाल आणि सामान न्यायचा. वाळूच्या टेकाडावर चाकाखाली लोखंडी पत्रे टाकायचे, गाडी तेवढीच पुढे घ्यायची, मागचे पत्रे उकरून काढायचे, पुन्हा पुढे आणून टाकायचे. तेही उन्हात तापलेले. या मेहनतीपुढे माझी मान झुकते आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

पण आमच्या मंडळात मी यावर बोलले त्या संध्याकाळचं सांगायलाच हवं. एईसीचा फोटो पडद्यावर होता. मागच्या रांगेतून एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "हा माल त्याआधी कोण नेत होतं?"

मी म्हटलं, "उंट."

"उंट आपले आपण जात होते?"

सभागृहात कुणी काही बोलेना. त्या पुढे आल्या. पर्समधून रुमालाची घडी काढून माझ्या लॅपटॉपशेजारी उलगडली. आत उंटाच्या नाकातली खुंटी होती. बोटभर लाकूड, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाजवळ दोरी घासून पडलेली खाच. त्यांचे पणजोबा कराचीहून आले होते. ट्रक आले, काम गेलं. उंट गोळी घालून मारण्याऐवजी त्यांनी एकेकाच्या नाकातली खुंटी काढली आणि कळप माळावर सोडून दिला. घरात एवढंच उरलं. "तुमच्या गाडीचा फोटो छान आहे," असं म्हणून त्या जागेवर जाऊन बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला पुढचं वाक्य सुचेना. खुंटी मात्र कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच होती आणि मी उरलेलं सगळं तिच्याकडे बघत बोलले.

आता माझा बचाव. साउथ ऑस्ट्रेलियाने उंट मारायला मुभा देणारा कायदा १९२५ साली केला. एईसी त्यानंतर नऊ वर्षांनी आली. ॲलिसला रेल्वे १९२९ सालीच पोचली होती. मग दोष गाडीचा कसा? पूर्वी मी इथेच थांबायचे. यंत्राला जात नसते, धर्म नसतो, असंही ठासून सांगायचे. पण १९०३ च्या कायद्याने मूळच्या आशियाई लोकांना इथलं नागरिकत्व मागायचीही सोय ठेवली नव्हती आणि एईसी त्याच केंद्र सरकारच्या कामाला लागली. ज्यांनी वाटा पाडल्या त्यांना या देशाने आपलं म्हटलं नाही. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे हे अगदीच परक्या कुणाचं दुःख आहे असंही मला म्हणता येत नाही.

तरी क्रूझने उचललेले पत्रे त्यामुळे हलके होत नाहीत. टपालाची वाट बघणाऱ्या घरांना पीठ आणि औषधं लागत होतीच. ट्रक यायलाच नको होते का, असं उलट विचारलं तर तुम्हीही गप्प बसता. माझ्याकडेही उत्तर नाही.

आता बोलायला उभी राहिले की उंटांचा तांडा आधी दाखवते, कायदा नाव घेऊन सांगते. तेवढ्याने त्या बाईंचं समाधान होईल असं मला वाटत नाही. एईसीचा फोटो मात्र मी वगळणार नाही.