खरेदीला सव्वा वर्ष का लावलं

“पैसे बँकेत तयार, जमीन दोघांनाही पसंत, मग खरेदीला सव्वा वर्ष का लावलंत?” हा प्रश्न मला नात्यातल्यांनी विचारलाय, ऑफिसातल्यांनी विचारलाय. परवा बेळगावच्या शहापुरात भाजी घेताना एका जुन्या मैत्रिणीनंही विचारला. तिच्या मुलाला जांबोटी रोडला दोन एकर घ्यायचीत. एजंट म्हणतोय, पंधरा दिवसांत संचकार (म्हणजे विसार) द्या, नाहीतर गोव्याची पार्टी तयार आहे. रस्त्यात उभ्या उभ्या तिला सगळं सांगता आलं नाही. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून बसून लिहिते.

आधी जमीन कशाला, ते सांगते. आमचं मूळ घर बेळगावच्या पश्चिमेला, आता शहराला चिकटलेल्या एका गावात. चार भावांत वाटण्या झाल्या, घराचे चार तुकडे झाले, शेत लेआउटमध्ये गेलं. गणपती अजून त्याच घरात बसतो. पण ज्या सोप्यात आरतीला तीस माणसं उभी राहायची, तिथं आता मधोमध भिंत आहे. भिंतीपलीकडची माणसंही आमचीच. ती आरतीला येतात आणि दारात उभी राहतात. माझ्या नवऱ्याला ती भिंत बघवत नाही. पुढं मुलाबाळांना एकत्र जमायला एक जागा असावी, भोवती थोडं भात, थोडी भाजी, एक विहीर, हे आम्ही त्या सोप्यातच बसून ठरवलं.

थांबायचं मात्र ठेच लागल्यावर शिकलो. पहिली जमीन आम्ही एप्रिलमध्ये बघितली आणि एप्रिलमध्येच पन्नास हजारांचा संचकार देऊन मोकळे झालो. कार थेट बांधापर्यंत गेली होती. जूनच्या शेवटी परत गेलो तर कार राहू दे, पायी जायलाही वाट नव्हती. ज्या मोकळ्या रानातून आम्ही गेलो होतो ती दुसऱ्यांची भातशेतं होती. पावसाआधीची धूळवाफ पेरणी उगवून वीतभर वर आली होती. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळीकडून वाट असते. भात निघालं की पुढच्या पेरणीपर्यंत रान मोकळं. बैलगाडी न्या, ट्रॅक्टर न्या, कोणी अडवत नाही. ती शेजाऱ्यानं दिलेली सवड असते, आणि एजंट नेमका त्याच दिवसांत जमीन दाखवायला नेतो.

त्याच जमिनीत दुसरी गोष्ट निघाली. पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा. तिच्या तिसऱ्या रकान्यात एकूण क्षेत्राखाली पोटखराब लिहिलेलं असतं, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ म्हणजे खडकाळ वगैरे, लागवडीला न येणारी जागा. ‘ब’ म्हणजे ओढा, रस्ता अशी सार्वजनिक उपयोगाची जागा. ती विकायचा मालकाला हक्कच नसतो. आमच्याकडून सात गुंठे ‘ब’ खराबाचाही भाव लावला गेला होता. पैसे आठ महिन्यांनी परत मिळाले, त्यातले दहा हजार कापून. मी त्या दहा हजारांवर रडले नाही, पण घरी येऊन माहेरच्या ट्रंकेतलं माझं शाळेतलं कन्नडचं पुस्तक काढलं. कागद कन्नडमध्ये आहे म्हणून दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, हे मला त्या दिवसापासून पटेनासं झालं. अक्षरओळख होतीच. महिनाभरात पहाणी माझी मला वाचता यायला लागली.

दुसरी जमीन, म्हणजे जी अखेर घेतली ती, खानापूर तालुक्यात आहे. एक एकर वीस गुंठे. वरच्या अंगाला तांबड्या मातीचा माळ, खाली भाताचे चार वाफे, मध्ये एक जुना फणस. शिवरात्रीच्या सुमाराला पहिल्यांदा बघितली आणि दोघंही काही न बोलता फणसाखाली बसून राहिलो. एजंटनं ते ओळखलं. पाडव्याच्या आत संचकार करा म्हणाला. आम्ही म्हटलं, पावसाळा बघून सांगतो. त्याचा चेहरा पडला, पण जमीन काही पळून गेली नाही.

त्या पावसाळ्यापर्यंत कागद बघितले. नववा रकाना मालकांचा: तिघा भावांची नावं. दहावा रकाना, जमीन त्यांच्याकडं कशी आली: वडिलांच्या मागं वारसा. अकरावा रकाना, इतर हक्क आणि बोजा: वडिलांनी सोसायटीतून काढलेलं पीककर्ज, ते वारल्यावरही तसंच. मग ई.सी. काढली, म्हणजे जमिनीवर नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला. २००४ नंतरची नोंद संगणकावर मिळते, मागची सब रजिस्ट्रार ऑफिसात वह्या काढून शोधावी लागते. आम्ही दोन्ही बघितल्या. जमीन कुळाची होती का, तेही बघावं लागतं, कारण १ मार्च १९७४ ला कर्नाटकात कूळवहिवाट संपली आणि कुळांच्या जमिनी आधी सरकारजमा होऊन मग कुळांच्या नावावर झाल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला सरकारनं दिलेली जमीन असेल तर १९७८ च्या कायद्यानं सरकारच्या परवानगीशिवाय तिची विक्री होत नाही. कितीही वर्षं उलटली तरी ती मूळ कुटुंबाला परत जाऊ शकते, आणि मला विचाराल तर जायलाच हवी. आमच्या जमिनीत यातलं काही नव्हतं. त्यांच्या आजोबांनी ती विकत घेतली होती. ते खरेदीखत भावांनी पत्र्याच्या डब्यातून काढून दिलं. मुंबई इलाख्यातला स्टॅम्प आणि मजकूर मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त मास्तर शोधून काढायला तीन आठवडे गेले. त्यांनी भिंग लावून वाचलं, “दक्षिणेस वहाळ व पाणंद”, आणि मी मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. पाणंद! म्हणजे शेतात जायची वाट होती. आजच्या पहाणीत तिचा पत्ता नव्हता.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो ज्या गोष्टीत, ती कुठल्याच रकान्यात नव्हती. नवव्या रकान्यात भाऊ तीन. गावात एका घरी चहा पिताना सहज कळलं की बहिणी दोन. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, “बहिणींचं काय नसतं हो, त्यांनी तोंडी सोडलंय सगळं.” हे वाक्य मी या पट्ट्यात इतक्या वेळा ऐकलंय, आणि दर वेळी माझ्या अंगाची लाही होते. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकानं केंद्राच्या आधी केली, ती १९९४ पासून लागू आहे. केंद्राचा कायदा २००५ चा. २०२० साली सुप्रीम कोर्टानं त्यातली उरलेली शंकाही काढून टाकली, की मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात नसले तरी. वारसा लावताना बहिणींची नावं गाळली म्हणून हक्क गळत नाही. उद्या त्या वाटणीचा दावा लावतील आणि जमीन घेणारा कोर्टाच्या पायऱ्या चढेल, हा झाला आमचा स्वार्थ. पण स्वार्थ बाजूला ठेवला तरी, ज्या बाईला न विचारता जमीन विकली गेली, त्या जमिनीवर माझ्या मुलांसाठी घर बांधायला माझे हात कसे उचलतील?

धाकटी बहीण खानापुरातच होती. थोरली चंदगड तालुक्यात दिलेली. चंदगड पूर्वी बेळगाव जिल्ह्यातच होता. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि हा तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. या थोरल्या आक्का पंच्याहत्तरीच्या. म्हणजे जन्मल्या तेव्हा माहेर-सासर एकाच जिल्ह्यात होतं, लग्न झालं तेव्हा दोन राज्यांत. आम्ही गेलो तेव्हा त्या अंगणात काजू फोडत बसल्या होत्या, हाताला राख फासलेली. मी पहाणी वाचून दाखवली. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “ह्यो कागद मला कोन दाखवलाच नाही बगा.”

थोड्या वेळानं म्हणाल्या, “सही करतो की मी. खरं माझ्या वाट्याचा चेक माझ्या नावानं काढा. भावांच्या हातात नको.”

भावांना हे आवडलं नाही. तीन महिने बोलणी बंद होती. एजंट मला म्हणाला, “वैनी, तुम्ही नसता घोळ घातलात.” मी घातला, आणि परत वेळ आली तर परत घालीन. शेवटी पाचही जणांच्या वाट्याचे पाच चेक निघाले.

त्या दिवशी निघताना आक्कांनी आणखी एक सांगितलं. आम्हाला घर खाली, भाताच्या कडेला बांधायचं होतं, फणसाच्या सावलीत. त्या म्हणाल्या, “खालतीकडं घर बांधू नकासा. आसळकात उपळ फुटतो थितं.” आसळका म्हणजे आश्लेषा नक्षत्र. ‘उपळ’ हा शब्द मला माहीत होता, अर्थ नीट माहीत नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आश्लेषा लागल्यावर, आम्ही दोघं गमबूट घालून गेलो. फणसापासून दहा पावलांवर, जिथं फेब्रुवारीत आम्ही बसलो होतो, तिथं गवतात मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पाणी वर येत होतं. आवाज अजिबात नाही. तळाचे तांबडे वाळूचे कण वर यायचे, फिरायचे, परत खाली बसायचे. हात घातला तर बर्फासारखं गार. बघता बघता तशी आणखी दोन भोकं दिसली. वरच्या माळावर जिरलेलं पाणी महिना-दीड महिन्यानं खाली येऊन फुटतं. आम्ही तिथंच पाया खणला असता तर दर आश्लेषात पाणी घराच्या पायातून वर आलं असतं. सर्व्हेअरच्या नकाशात हे नसतं. जी मुलगी तिथं भाताचा तरवा टाकत मोठी झाली तिलाच ते माहीत असतं, आणि तिला तर कोणी विचारलंच नव्हतं.

दिवाळीनंतर हद्दुबस्त, म्हणजे हद्दीची सरकारी मोजणी, करून घेतलं. शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, सर्व्हेअर आला, आकारबंद आणि टिपण हे मोजणीचे जुने कागद लावून मोजलं. दक्षिणेचा खुणेचा दगड करवंदीच्या जाळीत सापडला, अर्धा मातीत गेलेला. पाणंद शेजारच्या मामांच्या शेतात नांगरली गेली होती. आम्ही कज्जा केला नाही. मोडी खरेदीखताची झेरॉक्स आणि नवा नकाशा घेऊन मामांच्या घरी गेलो, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी मामा स्वतःच म्हणाले, बैलगाडी जाईल एवढी सोडतो. ती वाट सर्व्हे नंबरासकट आमच्या खरेदीखताच्या चक्कुबंदीत, म्हणजे चतुःसीमेत, लिहून घेतली आणि मामांची साक्षीदार म्हणून सही घेतली. खरेदी झाली मे महिन्यात.

आता तो दुसरा प्रश्न, जो पुण्या-मुंबईचे नातेवाईक हमखास विचारतात. सीमावाद २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, उद्या काय होईल कोणास ठाऊक, तिथं पैसे का अडकवता? माझं उत्तर त्या मोडी खरेदीखतात आहे. ते झालं तेव्हा मुंबई इलाखा होता, मग म्हैसूर राज्य झालं, मग कर्नाटक झालं. बांध तिथंच राहिले आणि खरेदीखतही खरंच राहिलं. मला मराठी माझ्या घरात, माझ्या गावात जिवंत हवी आहे, आणि त्यासाठी इथं जमिनीवर राहणारी मराठी माणसं हवीत. शहरातले आमचे लोक शेतं विकून बाहेर चाललेत याचं मला फार वाईट वाटतं. त्यात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही कर्नाटकात शेतजमीन घेता येते. मैत्रिणीच्या मुलाला त्याआधी घेताच आली नसती, त्यामुळं कायद्याला नुसती नावं ठेवणार नाही. पण जांबोटीकडं जाताना सिमेंटचे खांब आणि तारा मारून नुसती पाडून ठेवलेली रानं दिसतात, तेव्हा पोटात तुटतं. तिथं कोणी नाचणाही पेरत नाही.

घर अजून झालेलं नाही. लेआउट किंवा रिसॉर्ट करायचं तर बिनशेती परवानगी लागते. शेतकऱ्याला स्वतःचं शेतघर धारणेच्या दहा टक्क्यांच्या आत बांधता येतं. साठ गुंठ्यांतले सहा. आम्हाला ते पुष्कळ झाले. जागा वर माळावर आखलीय, चार कोपऱ्यांना दगड लावलेत, मधला सोपा तीस माणसांच्या मापाचा धरलाय. कौलं खानापूरचीच घालणार. खाली उपळाच्या जागी छोटं तळं खणायचं आहे.

मैत्रिणीला एवढंच सांगते: मुलाला म्हणावं, संचकार दसऱ्यापर्यंत थांबव, आणि त्या घरात बहिणी किती आहेत ते आधी विचार. आश्लेषा लागली की आम्ही शिवारात जाणार आहोत, आक्काही येणार आहेत. त्यालाही पाठव. येताना त्याच्या जमिनीची पहाणी आणू दे, फणसाखाली बसून अकरा रकाने एकत्र वाचू. आणि गमबूट घालून ये म्हणावं.