मी ‘एग सॅलड’ होतो तेव्हा

न्यूयॉर्कला आल्यावर पहिले काही महिने मी ऑफिसातच, कम्प्युटरसमोर डबा खायचो. एकदा डबा घरी विसरला आणि पाय आयझेनबर्ग्ज या सँडविचच्या दुकानाकडे वळले. १७४, फिफ्थ ॲव्हेन्यू. समोरच १९०२ सालची ती तिकोनी फ्लॅटआयर्न इमारत.

आत शिरलं की बोळच. एका अंगाला लांबच लांब काउंटर, त्याला चिकटून स्टुलं, पलीकडे तापलेला तवा. पाठीमागून माणसं अंग चोरून सरकायची. तिथल्या टी-शर्टवर छापलेलं असायचं, ‘१९२९ पासून न्यूयॉर्कचं कोलेस्टेरॉल वाढवतोय’. इतका परखडपणा पुणेरी पाट्यांनंतर इथेच पाहिला.

बाकीचे पास्ट्रामी, ट्यूना मेल्ट अशी मांसा-माशांची सँडविचं मागवायचे. माझी मजल अंड्यापर्यंतच, म्हणून एग सॅलड सँडविच. उकडलेली अंडी कुस्करून मेयोनीजमध्ये कालवायची आणि राय नावाच्या धान्याच्या ब्रेडमध्ये गच्च भरायची, बस्स. पण त्या ब्रेडमध्ये शहाजिरं असतं! पहिल्याच घासाला आमच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं झालं.

सोबत एग क्रीम. हे आईला फोनवर सांगितलं आणि फसलो. “आज चतुर्थी ना रे? अंडं प्यायलास?” मग समजावलं, यात अंडंही नाही आणि क्रीमही नाही. दूध, चॉकलेट सिरप आणि वरून जोरात सोडा, की पांढराशुभ्र फेस येतो. “दुधात सोडा? फाटत नाही?” नाही फाटत. नाव असं का, यावर खुद्द न्यूयॉर्ककरांचंही एकमत नाही, तिथे आईला मी काय सांगणार!

पाच-सहा खेपांनंतर मी दारात दिसलो की काउंटरवरचा माणूस आत ओरडायचा, “एग सॅलड!” माझं नाव त्याने कधी विचारलं नाही, मीही त्याचं नाही. पण शेजारच्या स्टुलावरचं कुणीतरी ‘मोहरीचा सॉस सरकव जरा’ म्हणायचं, पावसावर बोलायचं. एकट्याने जेवतोय असं तिथे कधी वाटलं नाही.

कोविडमध्ये ऑफिसं ओस पडली आणि २०२१ मध्ये आयझेनबर्ग्ज बंद झालं. पुढच्या वर्षी नव्या मालकांनी तीच जागा एस अँड पी लंच म्हणून उघडली. हे त्या जागेचं आयझेनबर्ग्जच्याही आधीचं नाव.

परवा गेलो. काउंटर तेच, एग क्रीमही आहे. नव्या पोराने हसून मेनूकार्ड पुढे केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते वरपासून खालपर्यंत वाचलं.